नट चकचकीत, बोल्ट नऊ मिलिमीटरचा

बोट पाण्याबाहेर काढली की माझं पहिलं काम ठरलेलं असायचं. कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंखा, जिथे हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाला, मिळते त्या सांध्यावर, अगदी पुढच्या टोकाला, वीतभर लांब आणि केसाइतकी बारीक चीर पडायची. ओठ किंचित विलग झाल्यासारखी दिसते म्हणून बोटवाले तिला ‘स्माइल’ म्हणतात. ग्राइंडरने ती थोडी उघडायची, लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, रंग मारायचा. चार हंगाम मी हे इमानेइतबारे केलं. आधीच्या मालकानेही हेच केलं असणार, कारण खरवडताना जुन्या लांबीचे तीन वेगवेगळ्या रंगांचे थर निघाले होते.

बोट १९७८ सालची, ३१ फुटी, फायबरग्लासची. खाली दोन टनांची शिशाची कील, सात स्टेनलेस बोल्टांवर टांगलेली: पुढे एक, मागे दोन-दोनच्या तीन जोड्या. शिसं ओततानाच बोल्ट साच्यात उभे केलेले असतात आणि त्यांची खालची टोकं काठीच्या मुठीसारखी वाकवलेली असतात, म्हणजे उपटून येऊ नयेत. वरची टोकं बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या पोकळीच्या, तळाशी दिसतात. ती मी तारेच्या ब्रशने घासायचो, पान्याला लटकून नट हलतोय का ते पाहायचो. हलत नसे. नट चकचकीत, नट घट्ट, मी समाधानी.

दाजी समाधानी नव्हते. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, बोटीत निम्मे भागीदार आणि स्वभावाने शंकेखोर. पाचव्या वर्षी मी लांबी कालवायला घेतली तेव्हा ते शिडीवर बसून बघत होते. म्हणाले, “चीर दरवर्षी त्याच जागी उघडते. म्हणजे तिथे काहीतरी हलतंय. तू लांबी चिरेत भरतोयस की स्वतःच्या डोळ्यांत?”

मी त्यांना बिल्जमधले नट दाखवले. त्यांनी त्याच बिल्जमध्ये मला तिसऱ्या वॉशरच्या कडेने उतरलेला चहाच्या रंगाचा ओघळ दाखवला. तो मी दरवर्षी पुसत होतो.

स्टेनलेसबद्दल माझा समज असा होता की ते गंजत नाही, आणि गंजलंच तर दिसतं. दोन्ही चूक. त्यातलं क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनशी संयोग करून पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतं. ओरखडा गेला तर पापुद्रा आपोआप परत धरतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. उघड्या समुद्राच्या पाण्यात तो मिळतो, बिल्जच्या हवेतही मिळतो. कील आणि हल यांच्या सांध्यात मात्र सीलंट सुटलेलं असेल तर चमचाभर खारं पाणी शिरतं आणि तिथेच मुरत बसतं. त्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचत जातं, पाणी आम्लधर्मी होतं आणि पापुद्रा फाटतो. पुन्हा धरायला ऑक्सिजन नसतो. मग बोल्ट नेमका त्याच जागी, दोन बोटांच्या पट्ट्यात, आतल्या आत खाल्ला जातो. वर नट कोरडा, खाली शिशात गाडलेला भाग नवा कोरा, आणि मधे मान बारीक होत चाललेली. बोल्ट सगळ्यात जास्त ओढला जातो तोही तिथेच. बाहेरची चीर म्हणजे या पाण्याचा दरवाजा, आणि मी तो रंगवून घेत होतो.

पान्याच्या चाचणीतही अर्थ नव्हता. नट घट्ट आहे याचा अर्थ नट आणि बोल्टचे आटे एकमेकांना धरून आहेत, एवढाच. मान अर्धी झाली तरी हाताने ओढण्याइतकी ताकद तिच्यात असतेच.

पहिला उपाय म्हणून अल्ट्रासाऊंड करून घेतलं. तपासनिसाने बोल्टांची टोकं ग्राइंडरने आरशासारखी सपाट करवली, जेल लावलं आणि प्रोब टेकवला. पोलादातून आवाज सेकंदाला साधारण पाच-सहा किलोमीटर वेगाने जातो. तो कुठून परत येतो यावरून धातू कुठवर सलग आहे ते कळतं. सातपैकी दोन बोल्टांत प्रतिध्वनी ८० मिलिमीटरवरूनच परत आला. नट, वॉशरची पट्टी आणि हलची जाडी मिळून बरोब्बर तेवढीच खोली होते. म्हणजे सांधा. बाकीचे पाच ठीक वाटले. पण जाता जाता तो एक गोष्ट सांगून गेला, तिचं मोल मला नंतर कळलं: बोल्ट पायरीसारखा खाल्ला गेला असेल तर आवाज त्या पायरीवर आपटून परत येतो, पण निमुळता होत गेला असेल तर उतारावरून घसरून जातो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. “वाईट आहे म्हटलं तर विश्वास ठेवा. चांगला आहे म्हटलं तर विश्वासही जपूनच ठेवा.”

मला दोनच बोल्टांचं काहीतरी करून हंगाम गाठायचा होता. दाजींनी ‘चीकी रफीकी’ची आठवण काढली. मे २०१४ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये या चाळीस फुटी बोटीची कील निखळली, बोट उलटली आणि चौघेही खलाशी गेले. उलटा हल नंतर सापडला, त्यात लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, जागच्या जागी बांधलेला होता. तो सोडायलाही वेळ मिळाला नव्हता. ब्रिटिश तपास अहवालात आधी बोट तळाला घासल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांचा उल्लेख होता. आमची बोटही पूर्वी एकदा वाळूच्या पट्टीवर चढली होती. मी वाद घातला नाही. कील उतरवायची ठरली.

दोन टन शिसं बोटीपासून वेगळं करणं ऐकायला जितकं भयंकर वाटतं तितकं नाही. तयारी मात्र कंटाळा येईल इतकी लागते. आधी डोलकाठी उतरवली. कीलच्या आकाराचा जाड फळ्यांचा पाळणा बनवला, कारण सुटी झालेली कील उभी राहत नाही, आडवी होते आणि वाटेत जे असेल ते घेऊन आडवी होते. बोट क्रेनच्या पट्ट्यांत धरली, कील पाळण्यात टेकवली आणि बिल्जमध्ये डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत नट सोडायला घेतले. पाच निघाले. एक छिन्नीने फोडावा लागला. सातवा नट फिरला, पण त्याच्याबरोबर बोल्टही फिरला. मी पाना सोडून तसाच पडून राहिलो. शिशात मूठ वाकवून गाडलेला बोल्ट फिरूच शकत नाही. फिरतोय याचा अर्थ एकच.

सगळे नट निघाले तरी कील सुटली नाही. क्रेनने हल दोन मिलिमीटर उचलला, काही नाही. चार मिलिमीटर, पट्टे करकरले, काही नाही. इथे घाई करणारा माणूस आणखी उचलतो आणि हलचा तळ फाडून घेतो. यार्डाच्या फोरमनने उचलणं थांबवलं, सांध्यात चहूबाजूंनी लाकडी पाचरी ठोकायला लावल्या आणि म्हणाला, “आता घरी जा.” सीलंट चिवट असतं, पण सततच्या ताणाखाली दमतं. सकाळी पाहिलं तर मागच्या बाजूला बोटभर फट पडलेली. उरलेलं तारेच्या करवतीने कापलं. त्या फटीत हात घालायचा नाही हे फोरमनने तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून.

हल वर गेला आणि सांधा पहिल्यांदा उजेडात आला. कुजलेल्या अंड्यासारखा वास, काळपट चिखल, जुन्या सीलंटच्या लोंबणाऱ्या पट्ट्या. बोल्टांच्या माना उंदरांनी कुरतडलेल्या दोरीसारख्या. मूळ जाडी २० मिलिमीटर. दाजी कॅलिपर लावून आकडे सांगत गेले आणि मी प्लायवूडच्या तुकड्यावर लिहीत गेलो: १८, १७, १४, १९, १४, ११. सातवा, जो फिरला होता, त्याला मी हातोड्याने नुसतं टपलीसारखं टेकवलं. तो मोडून खाली पडला. मोडलेल्या जागी ९ मिलिमीटर.

अल्ट्रासाऊंडने पकडलेले दोन म्हणजे ९ आणि ११. दोन्ही १४ त्यातून निसटले होते, कारण ते निमुळते झाले होते.

व्यासाचा आकडा फसवा असतो. ९ म्हणजे २० च्या निम्म्याहून थोडं कमी असं वाटतं. पण भार पेलतं ते क्षेत्रफळ, आणि ते पाचव्या हिश्शावर आलेलं होतं. दाजींनी त्याच प्लायवूडवर हिशोब मांडला. बोट पार आडवी झाली तर दोन टन शिसं सांध्यापासून सत्तर सेंटिमीटर लांब आडवं लोंबणार. बोल्टांना मिळणारा तरफेचा हात जेमतेम वीस सेंटिमीटर. म्हणजे वरच्या बाजूच्या तीन-चार बोल्टांवर मिळून सात टनांची ओढ. धडधाकट बोल्टांना हे काहीच नाही. पण ही शांत पाण्यातली गोष्ट झाली. लाटेचे हिसके आणि तळाला आपटणं यात धरलेलं नाही. आणि एक बोल्ट गेला की त्याचा वाटा शेजाऱ्यावर पडतो, तो शेजारी ११ चा.

दुरुस्ती कशी करायची यावर आठवडा गेला. जुन्या बोल्टाच्या बुंध्यावर नवा तुकडा वेल्ड करणं मला सोपं वाटलं होतं. पण शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेत साध्या स्टेनलेसमधलं क्रोमियम कार्बनला जाऊन मिळतं. पुढचा गंज तिथूनच सुरू झाला असता. जुना बोल्ट कोरून काढून तिथे शिसं पुन्हा ओतायचं म्हटलं, तर गार शिशावर ओतलेलं शिसं नीट एकजीव होत नाही, शिवाय विषारी वाफा. उरला तिसरा मार्ग: प्रत्येक जुन्या बोल्टाच्या शेजारी नवा. वरून शिशात उभं भोक, कीलच्या कुशीतून त्या भोकाच्या तळाशी एक खिडकी, खिडकीत पोलादी पट्टी, आणि बोल्ट त्या पट्टीला धरून.

नेहमी या खिडकीत वॉशर आणि नट बसवतात आणि वरून इपॉक्सीने बुजवून टाकतात. दाजींनी त्यात एक बदल सुचवला, आणि या सगळ्या खटाटोपात तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नटाऐवजी २५ मिलिमीटर जाडीची पट्टीच घ्यायची आणि तिलाच आटे पाडायचे. मग खिडकी बुजवली तरी बोल्ट वरून फिरवून काढता येतो. कील न उतरवता.

बोल्ट ३१६ स्टेनलेसच्या भरीव सळईतून लेथवर करून घेतले. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्लोराइडला जास्त टिकतं. टिकतं, अमर नाही. सांध्यात पाणी राहिलं तर तेही खाल्लं जातं, फक्त सावकाश. पूर्ण लांबीला आटे असलेली तयार सळई स्वस्तात मिळते, ती मुद्दाम टाळली. आट्यांच्या खाचा म्हणजे पाणी मुरायला आयत्या जागा, आणि तडा जायलाही. आमच्या बोल्टांना आटे फक्त दोन टोकांना. सांध्यातून जाणारा भाग गुळगुळीत.

नवी भोकं हलच्या आणि शिशाच्या एका रेषेत यायला हवीत. त्यासाठी शाबूत असलेले तीन जुने बोल्ट लगेच कापले नाहीत. त्यांच्या आधाराने हल पुन्हा कीलवर कोरडाच टेकवला, बिल्जमधून आठ मिलिमीटरची खुणेची भोकं खाली शिशात पाडली, मग हल उचलून जुने बोल्ट कापून टाकले.

शिसं मऊ म्हणून भोक पाडणं सोपं, असं मला वाटलं होतं. ते मऊ नाही, चिकट आहे. कीस बाहेर यायच्या ऐवजी बिटाभोवती गच्च बसतो आणि बिट जागीच रुतवतो. पहिल्याच भोकात ड्रिलने माझं मनगट असं पिरगळलं की दोन दिवस पाना धरता आला नाही. त्यानंतर दाजींची शिस्त: अगदी मंद गती, वंगणाला केरोसीन, आणि दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून साफ. पाव मीटर खोलीचं एक भोक म्हणजे पंचवीस वेळा आत-बाहेर. मास्क, हातमोजे, कामाचे कपडे तिथेच बदलायचे, हात-तोंड धुतल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. शिशाचं विष लगेच जाणवत नाही, म्हणून ते सोडून द्यायचा मोह होतो.

चौथ्या भोकात २० सेंटिमीटरवर बिट किंचाळला. जुन्या बोल्टाची वाकवलेली मूठ नेमकी तिथे आडवी होती. कीलचा नकाशा आमच्याकडे नव्हता. मूठ कुठल्या दिशेला वळवली आहे हे आम्ही बाकीच्यांवरून ताडलं होतं आणि ओतणाऱ्याने हा एकच उलटा ठेवलेला निघाला. भोक घट्ट इपॉक्सीने भरून पाच सेंटिमीटर मागे सरकलो. खिडक्या छिन्नी आणि होल-सॉने कोरल्या. सगळं मिळून साठ किलोच्या आसपास शिसं निघालं. दोन टनांत तेवढं चालतं.

हलच्या तळाचं काम कंटाळवाणं पण महत्त्वाचं. जुन्या भोकांच्या कडा पाणी पिऊन फुगल्या होत्या. त्या पसरट उतारात घासून, दोन आठवडे वाळवून, फायबरग्लासचे थर चढवले. नवी भोकं आडव्या फासळ्यांच्या जवळ येतील अशीच ठेवली होती, कारण बोल्ट कितीही जाड असला तरी तो ज्याला धरतो तो तळच लवत असेल तर चीर पुन्हा पडणारच. मागच्या जोडीजवळच्या एका फासळीचा सांधा सुटलेला सापडला. वाळूच्या पट्टीची आठवण. कीलचं नाक अडलं की तिची मागची कड वर हलमध्ये घुसू पाहते, ते हेच.

शिशाचा माथा घासून चकाकता केला आणि तो काळवंडायच्या आत इपॉक्सीचा हात दिला. मग पातळ प्लास्टिक अंथरून, दाट इपॉक्सी घालून, हल एकदा टेकवून उचलला. दोन्ही माथ्यांमधला उंचसखलपणा असा साच्यासारखा भरून निघाला. शेवटचं जोडकाम कशाने करायचं यावर माझं आणि दाजींचं पहिल्यांदाच उलट झालं. मला इपॉक्सी हवं होतं, कायमचं. ते म्हणाले, “कायमचं म्हणजे पुढच्याला कधीच उघडता येणार नाही असं.” पॉलियुरेथेन सीलंट ठरलं. प्रत्येक बोल्टाभोवती गळपट्ट्यासारखा जास्तीचा थर, आणि माथाभर इतकं की दाबल्यावर चारी बाजूंनी बाहेर यायलाच हवं. ज्या बाजूने येत नाही तिथे हवा अडकलेली असते.

पहिल्या दिवशी नट हलकेच आवळले, मधे दोन-तीन मिलिमीटर सीलंट राहील एवढेच. सगळं पिळून बाहेर काढलं तर मागे राहतो नुसता कागद. ते हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत पिकत जातं, दिवसाला जेमतेम तीन मिलिमीटर. म्हणून तीन आठवडे बोट तशीच ठेवली. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस आधीच चोपडलं होतं. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की आटे एकमेकांत चिकटून बसतात, मग ना पुढे ना मागे. अखेरचं आवळणं टॉर्क रेंचने, मधून टोकांकडे, तीन फेऱ्यांत: ६०, १००, १५० न्यूटन-मीटर. हे आकडे आमच्या पट्ट्यांच्या आकारावरून काढलेले आहेत, दुसऱ्या बोटीला लावू नका. पोलाद याहून बरंच सोसतं, पण खाली शिसं आहे आणि ते दाबाखाली हळूहळू सरकतं. महिन्याने पुन्हा रेंच लावला तर सातही नटांनी साधारण आठवा हिस्सा फेरा घेतला. त्यानंतर सहा महिन्यांनी जवळजवळ काहीच नाही.

पाण्यात उतरवताना बिल्जमध्ये मी टाल्कम पावडर भुरभुरवली होती. एक थेंब जरी झिरपला तरी तिच्यात रेघ उठते. पहिल्या आठवड्यात एक रेघ उठली आणि माझ्या पोटात गोळा आला. चव घेतली. गोडं पाणी, डोलकाठीच्या बुंध्यातून उतरलेलं पावसाचं.

दोन हंगामांनंतर बोट बाहेर काढली तेव्हा सांध्याच्या पुढच्या टोकाला रंग अखंड होता. दाजींनी तरीही एक बोल्ट काढायला लावला, मधल्या जोडीतला. दोन नट एकमेकांवर आवळून, लांब दांड्याचा पाना लावून फिरवला. सीलंट फाटल्याचा आवाज आला आणि तो सावकाश वर आला. सांध्याच्या उंचीवर किंचित मंद पडलेलं एक वलय होतं. त्यावरून नख फिरवलं, खाच लागली नाही. दाजींनी चष्मा पुसला, कॅलिपर लावला आणि मला आकडा वाचायला दिला. २०. पुसून, नवं ग्रीस, नवं सीलंट लावून तोच बोल्ट परत बसवला. पुढच्या खेपेला मागच्या जोडीतला काढायचा आहे.